मागण्यांच्या यादीत पहिलं काय? माझं मत: मस्टरवर नाव

खानापूर_रिटर्न (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या लायनीतले वीस-बावीस जण बसलो होतो. बहुतेक ट्रक-टेम्पोवाले, दोन बसवाले, एक वडापवाला (शेअर जीपवाला), आणि पंक्चरच्या दुकानातला एक पोरगा, जो चहा द्यायला आला आणि बसूनच राहिला. संघटना काढायची असं ठरलंय. मागण्या लिहायला घेतल्या तर चहा दोनदा झाला आणि यादी सतरावर गेली. पगारवाढ, भत्ता, पीएफ, विमा, संडास, पोलिसांचा त्रास, टोल, एसी केबिन, पेन्शन, काय नाही ते. शेवटी कोपऱ्यातले एक काका म्हणाले, "सगळंच पहिलं म्हटलं तर मालक शेवटचं पण देणार न्हाई." गप्प झालो सगळे.

म्हणून इथं विचारतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार, जिथले असाल तिथून सांगा. पहिलं काय?

माझं मत आधी सांगून टाकतो. पहिली मागणी पैशाची नको, कागदाची पाहिजे: मस्टरवर, म्हणजे मालकाच्या हजेरीपटावर, नाव. मी एकोणीस वर्षं गाडीवर आहे, पाच मालक झाले. एकाकडनंही "हा माणूस माझ्याकडे कामाला आहे" असं लिहिलेली चिठ्ठी मिळाली नाही. लायसन्स माझं, बॅज माझा, आरसी मालकाची. आमच्या दोघांची नावं शेजारी शेजारी येतात ती फक्त अपघाताच्या पंचनाम्यात.

माझा आतेभाऊ क्लीनर होता. सहा वर्षांमागं पावसात भरलेल्या गाडीवर चढून ताडपत्री ओढत होता. रस्सी तुटली आणि वरून पाठीवर पडला. मणका गेला. मालक दवाखान्यात आला, बिस्किटाचा पुडा ठेवून गेला. भरपाईचा विषय निघाल्यावर म्हणाला, हा आमच्याकडे कामाला नव्हताच, ड्रायव्हरचा पाव्हणा, गोवा बघायला आला होता.

गोवा बघायला! भर पावसात, ताडपत्रीवर चढून!

वाचवलं कशानं ऐका. ड्रायव्हरच्या सीटमागं हिशोबाची वही असते, तुम्हाला माहीत आहे. दोनशे पानी, वर देवाचं चित्र, कडा ग्रीसनं काळ्या झालेल्या. डावीकडे डिझेल, टोल, हवा-पंक्चर, उजवीकडे खर्ची, म्हणजे वाटखर्चाला दिलेले पैसे. त्यात मालकाच्या मुनशीच्या अक्षरात चौदा ठिकाणी "क्लीनर भत्ता ३००" लिहिलेलं होतं आणि एका ठिकाणी आतेभावाचं नाव. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं वही मालकाला परत दिली नाही. आमच्या वकिलानं ती चौदा पानं पुढं केली. चौथ्या वर्षी निकाल लागला. वही नसती तर तो आजही पाव्हणाच असता.

म्हणून म्हणतो, आधी मस्टरवर नाव. पगार, पीएफ, विमा, सगळं त्याच्या मागनं येतंय. बोला.

तंबाखूची_पेठ

पहिला नंबर माझा. धागा झकास. पण मालकाला कागद मागितला की तो म्हणतोय, "का रे, कोर्टात जायचा विचार आहे काय?" आणि दुसऱ्या दिवशी गाडीची चावी दुसऱ्याकडे. निपाणीत एका जागेला चार ड्रायव्हर उभे आहेत.

नोटरी_गल्ली

धागाकर्त्याशी सहमत. पूर्वी या कामात होते म्हणून थोडी भर घालते.

ड्रायव्हर-क्लीनर कामावर असताना जखमी झाला किंवा गेला, तर कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा होतो. १९२३ चा कायदा, आता केंद्राच्या नव्या सामाजिक सुरक्षा कोडात (संहितेत) आला आहे. मालकाकडे एकच गाडी आणि एकच माणूस असला तरी तो लागू होतो, हे लोकांना माहीत नसतं. मृत्यूच्या दाव्याचा हिशोब असा की महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. ३५ व्या वर्षाचा आकडा १९७.०६. पगार कितीही असो, २०२० पासून तो जास्तीत जास्त १५,००० धरतात. म्हणजे ७,५०० गुणिले १९७.०६, झाले १४ लाख ७७ हजार ९५०. पगाराचा पुरावा नसला की मालकाचा वकील म्हणतो, ह्याला आठच हजार होते. लगेच रक्कम निम्म्यावर येते. कागदाची किंमत मोजायची असेल तर ही अशी मोजा.

सीमाभागासाठी त्याहून कामाची गोष्ट. अपघात झाला तिथंच दावा करावा लागतो असं नाही. जखमी माणूस किंवा त्याच्या घरचे जिथं राहतात तिथंही करता येतो. गाडी एमएच-०९, मालक कोल्हापूरचा, अपघात गोव्यात आणि विधवा बायको खानापूर तालुक्यात. तिनं बेळगावात दावा करावा, पणजीला खेपा घालायची गरज नाही. दोन वर्षांची मुदत मात्र पाळा. आणि हा दावा किंवा मोटार अपघात न्यायाधिकरणाचा, दोन्हीपैकी एकच निवडायचा असतो.

अजून एक. गाडीच्या पॉलिसीचा कागद उघडून बघा. ड्रायव्हर कायद्यानंच धरलेला असतो. क्लीनरसाठी वेगळा हप्ता भरलाय का ते बघा. तो हप्ता इतका किरकोळ असतो की न भरणाऱ्या मालकाची कीव येते.

तीन_गाड्यांचा_मालक

मालकांना शिव्या देऊन झालं असेल तर एका मालकाचंही ऐका. माझ्याकडं तीन गाड्या, त्यातली एक मी स्वतः चालवतो. दोन गाड्यांचा हप्ता चालू. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकानं डिझेलवरचा कर १८.४ वरनं २१.१७ टक्क्यांवर नेला, आम्ही लॉरी बंद ठेवल्या, चार दिवसांत परत सुरू केल्या. भाडं त्यानं वाढलं का? एजंट म्हणतोय, तुला परवडत नसेल तर मागं दहा गाड्या उभ्या आहेत.

गाडी कारखान्याच्या गेटवर दोन-दोन दिवस खाली होत नाही. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी उभी ठेवल्याचे, पैसे बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) छापलेले असतात, मिळत कधी नाहीत. वर उतरवायला वाराई द्या, हमाली द्या. "ज्याचा माल त्याचा हमाल" म्हणून आमच्या पलीकडच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी किती वर्षं घसा कोरडा केला. मग मी ड्रायव्हरला पीएफ कुठनं देऊ? पहिली मागणी माल पाठवणाऱ्यांकडं करा. हॉल्टिंग घड्याळ लावून मिळालं पाहिजे. मालक आणि ड्रायव्हर, दोघांचं भलं त्यात आहे.

खानापूर_रिटर्न

साहेब, तुमचं खोटं नाही. हॉल्टिंग यादीत पाचव्या नंबरला आहे, वर आणू. पण एक सांगा, त्या दोन दिवसांत ड्रायव्हरला काय मिळतं? आमच्याकडं पगार खेपेवर. गाडी उभी म्हणजे भत्ता बंद. तुमचं हॉल्टिंग बुडालं की आमचं जेवण बुडतंय. आणि चिठ्ठी लिहायला पैसे लागत नाहीत हो.

तीन_गाड्यांचा_मालक

चिठ्ठी लिहिली की मागनं लेबर इन्स्पेक्टर येतो. त्याला पैसे लागतात.

तंबाखूची_पेठ

😂 इथं मात्र मालक-ड्रायव्हर एकता झिंदाबाद

वस्तीची_गाडी

मी बसवाला. कंडक्टर, बावीस वर्षं. तुमचं कागदाचं दुखणं आमच्याकडं नाही. आमच्याकडं कागद इतके आहेत की त्यावर झोपता येईल. वेबिल, फॉर्म चार, चार्जशीट, खुलासा. मस्टरवर नाव असून काय होतं ते आमच्याकडनं ऐका.

कर्नाटकातल्या चारही परिवहन महामंडळांच्या कामगारांना मार्च २०२३ मध्ये १५ टक्के वाढ मिळाली. ती १ जानेवारी २०२० पासूनची धरायची होती, म्हणजे ३८ महिन्यांची थकबाकी. त्यासाठी ५ ऑगस्ट २०२५ ला संप केला. हायकोर्टानं खडसावलं, त्याच दिवशी मागं घेतला. त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये सहाव्या वेतन आयोगासाठी दोन आठवडे गाड्या उभ्या होत्या, तेव्हा किती जणांच्या बदल्या आणि निलंबनं झाली ते डेपोत विचारा. पलीकडं एसटीवाल्यांनी ऑक्टोबर २०२१ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत संप खेचला, एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणासाठी. विलीनीकरण झालं नाही. आमच्या डेपोत त्यावर अजून भांडणं होतात, ते जिंकले की हरले म्हणून.

माझी पहिली मागणी सांगू? ड्युटीचे तास. कागदावर आठ तास. आता हे बघा. संध्याकाळी सव्वापाचला गाडी घेऊन निघायचं, साडेआठला वस्तीच्या गावात. गावाचं नाव घेत नाही. देवळाच्या कट्ट्याजवळ गाडी लावायची. मागच्या लांब सीटवर मी, पुढं बॉनेटजवळ ड्रायव्हर, मधे मच्छर अगरबत्ती. कॅशची पिशवी उशाला, तिचा पट्टा मनगटाला. पावसाळ्यात काचा लावल्या तर जीव गुदमरतो, उघडल्या तर गादी भिजते. पहाटे साडेपाचला पहिली फेरी, कॉलेजची पोरं आणि दुधाचे कॅन. त्या रात्रीचा हिशोब ड्युटीत धरत नाहीत, त्याला नाइट आऊटचा भत्ता म्हणतात. त्या भत्त्यात दोन चहा आणि एक भजी येते.

झोप ही मागणी कुठल्या यादीत लिहिता हो तुम्ही?

चिकोडीची_अक्का

दादा, तुम्हाला वस्ती तरी मिळते. मी पण कंडक्टर. माझी मागणी एका ओळीची आहे, शेवटच्या स्टॉपला संडास. सकाळी सहाला डेपोतनं निघाले की दुपारी दोनपर्यंत मी पाणी पीत नाही. आमच्यातल्या तिघींना मुतखडा झालाय. युनियनच्या सभेत हे बोलायला उभी राहिले तर मागनं एक जण हसला. वेतन आयोग आला की सगळे गंभीर होतात.

वस्तीची_गाडी

अक्का, तो हसणारा आमच्या डेपोचा नसावा अशी आशा. असला तर मी बघतो.

वडाप_अण्णा

शक्ती योजनेबद्दल कोणी बोललं नाही अजून. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना बस फुकट. चांगलं झालं, माझी आई पण त्याच बसनं जाते. पण माझ्या क्रूझरमधी दिवसाला ४० माणसं बसायची, त्यातल्या निम्म्या बायका. आता बाजाराच्या दिवशी पण गाडी भरत नाही. पंधरा वर्षं मी ड्रायव्हर पण मीच, मालक पण मीच. तुमच्या संघटनेत मी कुठं बसू? माझं मस्टर कोण ठेवणार?

वस्तीची_गाडी

अण्णा, फुकट बस झाली पण बसा वाढल्या नाहीत त्या मानानं. ५२ सीटमधी ९० माणसं. प्रत्येकीचं आधार बघून झिरो तिकीट काढायचं, गर्दीत एक राहिली की चेकिंगवाला माझ्या नावावर केस लिहितो. तिकीट शून्य रुपयाचं, केस खरी.

निपाणी_नाका

सीमेवरच्या ड्रायव्हरसाठी पहिली मागणी सुरक्षिततेची पाहिजे. ६ डिसेंबर २०२२ आठवा. हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगड पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाळेकुंद्रीला कंडक्टरला मारहाण झाली, लगेच चित्रदुर्गात एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं. दोन्हीकडच्या बसा बंद. दोन्ही वेळा मार खाणारा खाकीवाला होता, आणि दोन्हीकडचा खाकीवाला घरी जाऊन भाकरीच खातो. २०२२ ला मी सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं दोन रात्री थांबलो होतो, गाडीत टोमॅटो. तिसऱ्या दिवशी टोमॅटोचं पाणी ठिबकायला लागलं. नुकसान कोणाकडं मागू? गाडी एमएच, मी कर्नाटकचा मराठी. दगड मारणाऱ्याला हे समजावून सांगायला काच खाली करावी लागते.

भगवा_घाट

हे सगळं भोगावं लागतंय कारण मूळ प्रश्न सुटलेला नाही. महाजन अहवालापासून...

संपादक

सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे, तिथं लिहावं. या धाग्यावर कामगारांच्या मागण्यांबद्दलच चर्चा चालू द्या. पुढचे चार प्रतिसाद हलवले आहेत.

निपाणी_नाका

संपादकांचे आभार. मी एवढंच म्हणत होतो की आमच्या संघटनेत कानडी ड्रायव्हर पाहिजेत. अथणी, गोकाककडचे, हुबळीचे. रात्री अडीचला टायर फुटला की जो थांबतो त्याला मी भाषा विचारत नाही. एकट्या मराठी ड्रायव्हरांची संघटना काढली तर ती पहिल्या दंगलीत फुटणार, आणि दगड मारणारा आमचाच पोरगा निघाला तर बोलायला तोंड राहणार नाही.

खानापूर_रिटर्न

निपाणी_नाका, शंभर टक्के. रविवारच्या बैठकीत सात जण कानडी होते, हे लिहायचं राहिलं. चर्चा अर्धी कानडीत, अर्धी मराठीत, आणि शिव्या हिंदीत झाल्या. यादी दोन्ही भाषांत करतोय.

लेबर_लॉ_शिकतोय

मला वाटतं धागाकर्त्याची मागणी सरकारनं पूर्ण केलीच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार कोड लागू झाले. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र सक्तीचं आहे. आता फक्त अंमलबजावणी मागायची.

नोटरी_गल्ली

थांबा. गोम इथंच आहे.

नेमणूकपत्राची अट सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीच्या कोडात आहे. तो कोड मोटार वाहतुकीच्या धंद्याला लागू होतो, पण दहा किंवा जास्त कामगार असतील तरच. आधीचा मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता, तो पाच कामगारांपासून लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, जादा कामाला दुप्पट पगार, दोन ड्युट्यांमध्ये किमान नऊ तास विश्रांती, हे सगळं त्यात साठ वर्षं लिहिलेलं होतं. पाळलं कोणी नाही हा भाग वेगळा. आता पाचची रेघ दहावर सरकली. तुमच्या भागात दहा माणसं ठेवणारे ट्रान्सपोर्टवाले किती? वर जे मालक बोलले त्यांच्याकडं तीन गाड्या. ते जुन्या कायद्याच्या काठावर होते, नव्याच्या बाहेर आहेत.

दुसरं, औद्योगिक संबंध कोडात वाटाघाटी करणाऱ्या युनियनला मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. मस्टरच नसेल तर ५१ टक्के कशाचे मोजणार? आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस द्यायची, आता सगळ्याच उद्योगांत. पूर्वी ही अट पाणी-वीज-वाहतूक अशा लोकोपयोगी सेवांना होती.

धागाकर्त्यानं कायदा न वाचता बरोबर नस पकडली आहे.

खानापूर_रिटर्न

ताई, दहाची रेघ मला माहीत नव्हती. म्हणजे कायदा आला तो बसवाल्यांसाठी आणि मोठ्या लॉजिस्टिकवाल्यांसाठी, त्यांच्याकडं कागद आधीच होता. आम्ही परत ताडपत्रीवर.

काटा_नंबर

मी रायबागकडचा. ट्रॅक्टरवर ऊस ओढतोय, दोन ट्रॉल्या. आम्हाला तुम्ही ड्रायव्हर धरता का? दसऱ्यापासून होळीपर्यंत कारखान्याच्या काट्यावर नंबर लावून झोपतो. कधी दीड दिवस नंबर येत नाही. ऊस वाळला की वजन घटतंय, वजन घटलं की वाहतुकीचं बिल घटतंय. उचल घेतलेली असते म्हणून सोडून जाता येत नाही. रात्री मागं रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला मोटरसायकल धडकली की गावकरी पहिल्यांदा मलाच धरतात. रिफ्लेक्टर लावायला मालकाला तीन वेळा सांगितलं. शेवटी मी बायकोच्या जुन्या साडीचा लाल पदर फाडून बांधला.

माझी मागणी हीच. ट्रॉलीला लाल दिवा.

तंबाखूची_पेठ

काटा_नंबर, तुमचा प्रतिसाद वाचून बाकीच्यांच्या सतरा मागण्या विसरायला झालं.

निपाणी_नाका

धडक झाली की गावकरी धरतात, ह्यावरनं आठवलं. जानेवारी २०२४ चा चक्का जाम. नव्या न्याय संहितेचं कलम १०६(२), अपघात करून न कळवता पळाला तर दहा वर्षं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, ते एक पोटकलम बाजूला ठेवलं. ड्रायव्हरांनी आजवर जिंकलेली मोठी गोष्ट हीच असेल, आणि ती कुठल्या मान्यताप्राप्त युनियननं जिंकली नाही, व्हॉट्सॲपवर जिंकली. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा मारतो, एवढं एक वाक्य देशभर सगळ्यांना कळलं. मागणी अशी पाहिजे.

नोटरी_गल्ली

खरंय. पण ते कलम पुस्तकात आहेच, फक्त लागू केलेलं नाही. आणि सगळ्या ड्रायव्हरांना सांगा, मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार विनारोख मिळण्याची योजना आहे. धडक तुमच्या गाडीची असो की समोरच्याची, जखमी ड्रायव्हरलाही ती आहे. दवाखान्यात आगाऊ रक्कम मागितली तर हे बोला.

वडाप_अण्णा

माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. मी कुठं बसू?

नोटरी_गल्ली

अण्णा, माफ करा. तुमच्यासाठी मस्टर लागत नाही अशी एक जागा आहे. कर्नाटकानं २०२४ मध्ये मोटार परिवहन आणि संलग्न कामगारांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला आहे. खासगी ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजवाले, पंक्चरवाले असे सगळे त्यात येतात. नवी मोटरसायकल घेताना ५०० आणि कार घेताना १,००० रुपये उपकर लोक भरतात तो ह्याच निधीत जातो. अपघाती मृत्यूला पाच लाख आहेत. कामगार खात्याकडं नोंदणी करा, लायसन्स-बॅज घेऊन जा. चहा द्यायला आलेल्या त्या पंक्चरवाल्या पोरालाही न्या.

तीन_गाड्यांचा_मालक

आणि एमएच गाडीवर चालवणारा बेळगावचा ड्रायव्हर? त्याची नोंदणी कुठं?

खानापूर_रिटर्न

हाच तर गुंता. घर खानापूर, लायसन्स बेळगाव, गाडी एमएच-०९, माल वास्कोचा. महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या एमआयडीसीत माल उतरवणाऱ्या हमालाला विचारलं तर तो म्हणतो, पलीकडं माथाडीचा कायदा १९६९ पासून आहे, मंडळात नोंद असेल तर हमालाला पीएफ, ग्रॅच्युइटी पण मिळते. बेळगावातनं शिनोळी वीस मिनिटं. त्याच पोत्याला अलीकडं हात लावला तर त्यातलं काही नाही. आमच्यासाठी दोन्ही राज्यांच्या कामगार खात्यांनी एकत्र बसून एक यादी करावी, असं लिहून देतोय. होईल तेव्हा होईल.

तोपर्यंत काय, ते ठरवलंय. कायदा दहाच्या खाली येत नाही, मालक चिठ्ठी देत नाही. मग वही. संघटनेचं पहिलं काम, प्रत्येक मेंबराला एक वही. तारीख, गाडी नंबर, कुठनं कुठं, निघायची-पोचायची वेळ, किती तास उभी, भत्ता किती, क्लीनरचं नाव. भत्ता किंवा खर्ची घेताना मालकाची किंवा मुनशीची सही. महिन्याला पानांचा फोटो ग्रुपवर. पैसे फोनवर आले तर अजून चांगलं, त्याचा पुरावा आपोआप राहतो.

वस्तीची_गाडी

ड्युटीचे तास वहीत येतात म्हणजे माझी मागणी पण आत आली. आमच्या वस्तीच्या रात्री मी पण लिहितो. अक्का, तुम्ही कुठल्या स्टॉपला संडास नाही ते लिहा.

चिकोडीची_अक्का

दोनशे पानी पुरणार नाही.

तीन_गाड्यांचा_मालक

मी सही करेन. इन्स्पेक्टर आला तर तुम्ही सगळे या.

काटा_नंबर

आमचा मालक अंगठा करतोय. चालेल का?

नोटरी_गल्ली

चालेल. शेजारी दुसऱ्या कोणाची तरी सही घ्या.

तंबाखूची_पेठ

कोगनोळी टोलवर आहे, लाईन मोठी. वही घेतली, २५ रुपये. पहिल्या पानावर लिहिलं: निपाणी ते पुणे, निघालो पहाटे ४.१०, भत्ता ६००, क्लीनर नाही. मालकानं सही केली आणि विचारलं, कशाला रे हे? म्हटलं, बायको हिशोब मागतीया.